रविवारची अर्धी ओवी

१

रविवारी दुपारी पावणेचारला मी सरपंचांकडून किल्ली आणायची, पंचायतीच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडायची आणि रेडिओ उचलून पडवीतल्या टेबलावर ठेवायची. तोवर मुली पदरांनी फरशी झटकून रांगेत बसलेल्या असत. अकरा मुली. बारा ते सोळा वर्षांच्या. आठवड्याचे सहा दिवस त्या पाथर्डी रस्त्यावरच्या दुष्काळी कामावर खडी फोडत, आणि मी तिथेच हजेरी लिहायचं काम करत होते.

मी बनारसला मामाकडे राहून सहा वर्षं शिकले. त्र्याहत्तरच्या जानेवारीत परत आले तेव्हा विहिरींना तळ दिसत होता. शिकलेल्या माणसानं आपल्या गावी परत गेलं पाहिजे, असं तिथल्या सभांमधून मी खूप ऐकलं होतं. मला ते खरं वाटलं होतं, आणि आजही वाटतं. म्हणून आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी हा रविवारचा वर्ग सुरू केला. पाटीवर अर्धा तास अक्षरं, मग रेडिओवरची संगीतिका.

ती संगीतिका शाळकरी मुलामुलींची होती. शहरातल्या एका शाळेचं स्नेहसंमेलन, त्याच्या तालमी, त्यात होणारी भांडणं, रुसवे आणि प्रत्येक भागात तीन-चार गाणी. नयना नावाची मुलगी त्यातली नायिका. आमच्या मुलींनी शहर पाहिलं नव्हतं, पण नयना त्यांना सख्ख्या मावसबहिणीसारखी झाली होती. सोमवारी खडीवर तिचीच चर्चा चाले. तिनं तिच्या वर्गातल्या त्या सुरेशशी बोलावं की नाही, यावरून एकदा दोघींनी हातोडे आपटून भांडण केलं होतं.

सगळ्यांत हुशार चांगुणा. चौदा वर्षांची, सावळी, शांत. महिनाभरात ती जोडाक्षरं वाचू लागली. शहरातल्या एका वसतिगृहाच्या बाईंना मी पत्र लिहिलं होतं, आणि दुष्काळामुळे वसतिगृह उन्हाळ्यातही चालू असल्यानं त्यांनी तिला मार्चमध्येच आणायला सांगितलं होतं. तिच्या वडिलांना, रंभाजीकाकांना, पटवायला मला सहा चकरा माराव्या लागल्या. त्यांच्या मनात जामखेडचं एक स्थळ होतं. शेवटी ते म्हणाले, न्या. पण पोरगी धड असली तर न्या.

शनिवारी सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. त्याआधी मध्ये दोन रविवार होते.

२

त्यातल्या पहिल्या रविवारच्या भागात नयनाचं सगळ्यांशी वाजलं. तालीम सोडून ती एकटी शाळेमागच्या कोरड्या बारवेत उतरली. तिथे आवाज छान घुमतो म्हणून. तिच्या वाट्याला एक दोघींनी म्हणायचं गाणं होतं, आणि त्याची चाल जात्यावरच्या ओवीची होती. मुली एकदम पुढे सरकल्या. ही चाल त्यांची होती.

पावलांचा आवाज आला. एक पायरी, दुसरी पायरी. मग नयना गायली:

पायरी पायरी उतरते बाई, पाणी कुठं गेलं—

आणि थांबली. ओवीचा पहिला अर्धा झाला होता, दुसरा यायचा होता. रेडिओत नुसती खरखर राहिली. ती चार-पाच सेकंद चालली असेल. मग निवेदक म्हणाला, पुढील भाग पुढच्या रविवारी.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणी म्हणाली, पडली. कुणी म्हणाली, खाली कुणीतरी हाय. एक तर रडायलाच लागली. मला मनातून फार आनंद झाला. एका गोष्टीनं अकरा मुलींची झोप उडवली होती. यालाच तर शिक्षण म्हणतात, असं मला वाटलं.

पडवीच्या पायरीवर गोजरबाई टेकल्या होत्या. साठीच्या पुढच्या, कामावर मुलींच्याच ओळीत खडी फोडणाऱ्या. त्यांनी विचारलं, "ह्यो मानूस अर्धी ओवी ठिवून उठला?"

मी त्यांना समजावून सांगितलं की असं मुद्दामच करतात. ऐकणाऱ्यानं पुढच्या वेळी यावं म्हणून.

"आमी न्हाई उठत," त्या म्हणाल्या. एवढंच.

आमच्याकडे जातं फिरतं ठेवून कुणी ओवी अर्धी सोडत नाही. बाळ रडलं, दूध उतू गेलं, तरी समोर बसलेली दुसरी बाई ती पुरी करते आणि मगच हात सुटतो. मलाही हे ठाऊक होतं. लहानपणी पाहिलं होतं. चांगुणानं तोंड उघडलंच होतं. दुसरा अर्धा तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी तिला थांबवलं.

मी म्हणाले, नाही, आज कुणीच पुरी करायची नाही. आठवडाभर विचार करा. पाटीवर पहिला अर्धा लिहा, पुढची जागा मोकळी ठेवा. वाट पाहायला शिका.

मुली माझं ऐकतात. अकरा जणींनी पाट्यांवर एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली एका ओळीची जागा सोडली.

३

सोमवारी मी हजेरी लिहून सावलीला बसले होते. खडीचा आवाज सलग असतो. पन्नास-साठ हातोडे, प्रत्येकाची लय वेगळी, त्यामुळे पावसासारखा एकच पडत राहणारा आवाज. चांगुणा ओळीच्या मध्ये होती. तिनं ती ओवी म्हटली. पाणी कुठं गेलं, इथवर आली आणि थांबली.

आणि सगळे हातोडे थांबले.

नुसते मुलींचे नाही. बायांचे, पलीकडे दगड वाहणाऱ्या गड्यांचे. कुणी मान वर केली नाही. हात हवेत होते ते हवेतच राहिले. मग एकाच वेळी सगळे हातोडे खाली आले आणि नेहमीचा आवाज सुरू झाला.

मी स्वतःला म्हणाले, गाण्याचा ठेका असतो. माणसं ठेक्यावर थांबतात. मी तर्कशास्त्र शिकले होते. दुपारी तिनं पुन्हा म्हटली तेव्हा मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. पाच सेकंद. ओवीचा दुसरा अर्धा म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढाच. त्या पाच सेकंदांत साऱ्या माणसांची मुद्रा कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी होती.

मला काही ऐकू आलं नाही.

मी मुकादमाला, बन्सीला, विचारलं की मघाशी काम का थांबलं होतं. तो हसला. म्हणाला, काम कवा थांबलं हुतं? तुमी उनात बसू नका ताई.

४

बुधवारी संध्याकाळी चांगुणाचे कपडे, दाखला वगैरे पाहायला मी तिच्या घरी गेले. गावातली पिठाची गिरणी बंद होती. इंजिन थंड ठेवायला पाणी नव्हतं. त्यामुळे घरोघरी जाती पुन्हा बाहेर निघाली होती. चांगुणा रेशनची लाल परदेशी ज्वारी, मिलो, दळत बसली होती. मी दारात उभी राहून बघत होते, आणि काहीतरी चुकतं आहे एवढंच आधी कळलं. काय चुकतं आहे ते कळायला वेळ लागला.

ती जात्याच्या एका बाजूला बसली होती. समोरची जागा मोकळी होती, आणि ती नुसती मोकळी नव्हती, झाडून स्वच्छ केलेली होती. दोघी दळतात तेव्हा एकीचा हात खुंट्यावर खाली असतो, दुसरीचा वर. एकटी दळणारी मधोमध धरते. चांगुणानं खुंटा अगदी तळाशी धरला होता. वरची सारी जागा तिनं सोडली होती.

तसा धरून जातं फिरत नाही. फार जोर लागतो. पण ते फिरत होतं, आणि भराभर.

तिनं ओवीचा पहिला अर्धा म्हटला. थांबली. जातं थांबलं नाही. पाच सेकंदांनी तिनं मान हलवली, जशी आपण कुणी बरोबर उत्तर दिलं की हलवतो, आणि मूठभर दाणे वैरले.

मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, ओळखीचं हसली. म्हणाली, "ताई, मी उद्या—" आणि पुढे काहीच नाही. डोळे माझ्यावर, मान किंचित कललेली, पुढचं माझ्याकडून यायचं असल्यासारखी. मी विचारलं, उद्या काय? ती थांबून राहिली. मग पाचेक सेकंदांनी पुन्हा मान हलवून दळू लागली.

तिची आई, भागिरथीकाकू, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, रविवारपासून असंच चाललंय. बोलती अर्धं. जेवती अर्धी भाकर, उरलेली समोर ठिवती. पण दळण मात्र लवकर होतं. काकूंनी मला पिठाची परात दाखवली. पहाटे दोन शेर घातले होते, म्हणाल्या, आन ह्ये बघा. परात काठोकाठ होती.

रंभाजीकाका बाहेर बाजेवर बसून होते. माझ्याशी बोलले तेव्हा रागावलेले नव्हते. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"ताई, तुमी म्हनला म्हून मी व्हय म्हनलो. पर अशी पोरगी कुठं धाडू? शनिवारपत्तर बघतो. न्हाई तर पुढच्या सोमवारी जामखेडला दिऊन टाकतो. लगीन झालं की येतंय ताळ्यावर."

ते म्हणत होते तो शनिवार दहा दिवसांवर होता. मी म्हणाले, शनिवारी ती शाळेत जाणार.

५

पुढच्या रविवारी संगीतिका लागलीच नाही. चारला निवेदक म्हणाला की काही अपरिहार्य कारणामुळे आजचा भाग होणार नाही, आणि सतारीची तबकडी लावली. मी मुलींकडे पाहिलं. निराशा दिसेल असं वाटलं होतं. कुणाच्याच चेहऱ्यावर ती नव्हती. त्या सतार ऐकत नव्हत्या. रांगेत बसल्या होत्या आणि चांगुणाच्या शेजारी एका माणसाची जागा सोडलेली होती. गोरक्ष शिंप्याची मुलगी उशिरा आली. बसायला जागा शोधताना ती त्या मोकळ्या जागेपाशी थबकली, पाय उचलून तिला वळसा घातला आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली.

ओवी पुरी करायची, असं मी तिथेच ठरवलं. त्यासाठी मला दुसरा अर्धा हवा होता.

शेवगावला राधाकृष्ण मास्तर असाच वर्ग चालवत. त्यांच्याकडे स्वतःचा ट्रान्झिस्टर होता. मंगळवारी रजा टाकून मी एसटीनं गेले. शाळा सुटायची वेळ होती. मी विचारलं, मागच्या रविवारच्या आधीचा भाग तुम्ही ऐकलात? नयना बारवेत उतरते तो?

"ऐकला तर! काय शेवट केला हो. ते खालून उत्तर येतं ते."

मी म्हणाले, उत्तर येतं?

मास्तर म्हणाले, म्हणजे काय, ती पहिली ओळ म्हणते आणि खालून दुसरी बाई दुसरी ओळ म्हणते. अंगावर काटा आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्याकडे खरखर आली असेल.

मी त्यांना ती दुसरी ओळ विचारली. त्यांनी तोंड उघडलं. चाल गुणगुणली. मग टोपी काढून डोकं खाजवलं. फाटकाशी चार मुलं होती, त्यांना बोलावलं. एकानं चाल बरोबर म्हटली, शब्द कुणालाच आठवेनात. मास्तर हसत म्हणाले की ऐकली तर लगेच ओळखेन. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, मुक्ताबाई, गंमत म्हणजे तो आवाज मी आधी कुठंतरी ऐकला होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. बाहेर शेतं विटेच्या रंगाची होती. ज्या ओळीचे शब्द एवढ्या माणसांनी ऐकूनही कुणाजवळ उरले नाहीत, ती मला शोधून मिळणार नव्हती. मला माझीच रचावी लागणार होती. पाथर्डी येईपर्यंत मी ती रचली.

६

शुक्रवारी दिवस उगवता मी रंभाजीकाकांच्या घरी गेले. आदल्या दिवशी मी गोजरबाईंना विचारलं होतं, असं कधी पूर्वी झालं होतं का. त्या म्हणाल्या, त्ये मला काय ठावं. मग म्हणाल्या, "तू म्हनलीस म्हून पोरीनं गिळली ती. आता तूच बस." त्या माझ्याबरोबर आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

दारातून ऊन आलं होतं, ते जात्यावरच पडलं होतं. चांगुणा दळत होती. हात खुंट्याच्या तळाशी. मी समोरच्या झाडलेल्या जागेत बसले. जमीन ऊबदार होती. नुकतंच कुणी उठावं तशी, किंवा ऊन आधीपासून तिथं असेल.

मी हात उचलला आणि खुंट्याची वरची जागा धरली.

लाकूड लागलं नाही.

माझ्या मुठीत चार बोटं होती. त्यांच्या पेरांवर घट्टे होते, जसे आयुष्यभर दळलेल्या बाईच्या हाताला असतात. मी खाली पाहिलं. उन्हात सारं स्वच्छ दिसत होतं. खाली चांगुणाची मूठ, वर माझी, आणि मध्ये एका मुठीएवढी जागा. त्या जागेत खुंटा दिसत नव्हता. माझा हात खुंट्याच्या टोकापेक्षा वर होता, आणि तरी जातं मला ओढून फिरवत होतं.

हात सोडावा असं वाटलं. खोटं का लिहू, फार वाटलं. समोर चांगुणा मान कलती करून वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिथं काहीच नव्हतं, पाटीवरच्या मोकळ्या ओळीसारखं. मी मूठ आणखी आवळली.

चांगुणा गायली. पायरी पायरी उतरते बाई, पाणी कुठं गेलं. आणि ते पाच सेकंद सुरू व्हायच्या आत, माझा आवाज फाटका आहे तरी, मी म्हटलं:

वर ये गं चांगुणा बाई, दळण सरलं—

तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्याबरोबर आणखी कुणीतरी म्हणत होतं. शब्द दुसरे होते, माझ्या शब्दांखालून जाणारे. ते मला कळण्याआधीच माझी ओळ संपली.

चांगुणाचा हात सुटला. तिनं तो उलटा करून तळव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ताई," ती म्हणाली, "उद्याची यष्टी किती वाजता हाय? आन मला नवी पाटी पायजे, हिचा कोपरा फुटलाय."

दोन्ही वाक्यं तिनं शेवटपर्यंत म्हटली. भागिरथीकाकूंनी तोंडात पदर धरला. चांगुणा उठली, रांजणातलं पाणी घटाघटा प्यायली आणि चुलीजवळची भाकरी घेऊन पुरती खाल्ली.

मी मात्र उठू शकले नाही. जातं फिरतच होतं. समोर आता कुणी नव्हतं, आणि तिथूनच ओवीचा पहिला अर्धा आला. हळू. कानाला नाही, मनगटाला कळेल असा. तो पुरा न करता उठायचं नसतं. ती चूक मी एकदा केली होती.

७

शनिवारी रंभाजीकाका स्वतः तिला वसतिगृहात सोडून आले. तिथल्या बाईंचं पत्र आहे की मुलगी धीट आहे, वर्गात खणखणीत वाचते. तिला अजून तीन वर्षं शिकायचं आहे. सातवी होईपर्यंत तिला तिथून कुणी हलवणार नाही, हे मी ठरवलेलं आहे.

मी रोज सकाळी साडेसहाला रंभाजीकाकांच्या घरी जाते आणि त्याच जागी बसते. आळीतल्या बाया आपापलं धान्य आणून ठेवतात. कुणी काही विचारत नाही. पीठ नेहमीच जास्त भरतं. शेवटची मूठ वैरली की पहिला अर्धा येतो. चाल एकच, शब्द रोज तेच. चांगुणा कुठं गेली, एवढंच त्यात विचारलेलं असतं. दुसरा अर्धा मी पुरा करते आणि मगच हात सुटतो.

खरं गाव सांगायचं नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी जामखेड म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेवगाव. मग बनारस. एकदा म्हटलेलं गाव पुन्हा म्हटलं तर जातं जड होतं आणि माझ्या मुठीतली बोटं हलतात; एकदाच झालं ते, पुन्हा मी होऊ दिलं नाही. म्हणजे रोज एक नवं गाव हवं. तीन वर्षांची हजाराच्या वर होतात. माझे वडील पोस्टमास्तर आहेत. त्यांच्याकडून मी मुंबई सर्कलच्या सगळ्या टपाल कचेऱ्यांची यादी घेतली आहे आणि रोज झोपण्यापूर्वी उद्याचं नाव पाठ करते.

चांगुणाच्या आईवडिलांना मी शपथ घातली आहे. घरात त्या शहराचं नाव काढायचं नाही, पत्र मोठ्यानं वाचायचं नाही. यादीतलं ते एक नाव मी काळ्या शाईनं खोडलं आहे, आणि या लिखाणातही ते कुठे आलेलं नाही.